वळवलेली खुर्ची

आप्पांच्या खुर्चीच्या पुढच्या उजव्या पायापाशी फरशीवर एक पांढुरका कंस उमटला होता. लांबी साधारण वीतभर. मागचा डावा पाय जागेवर ठेवून खुर्ची वळवली, तर पुढचा पाय जसा फिरेल तसा. एकदा घासून असा ओरखडा पडत नाही. पाय त्याच वाटेने पुन्हा पुन्हा गेलेला असला पाहिजे. आप्पा तर खुर्ची हलवत नसत. त्यांना बसवावं लागे, उठवावं लागे, आणि मधल्या वेळात ते जिथे बसवलेले असतील तिथे बसून राहत.

मी हे पाहिलं आणि तिथेच सोडून दिलं, कारण आतल्या खोलीत दादाचा आवाज चढला होता.

"तुमचं नाव सांगा. नाही, तक्रार नंतर. आधी नाव. मी लिहून घेतोय."

"सकाळपासून तिसरं नाव लिहून घेतलंय," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "या वन्सं. हातपाय धुऊन घे, चहा टाकलाय. भडंग आहे. जर्मनीत मिळालं नसेल."

वहिनी मला एरवी नावानेच हाक मारायच्या, सुनीती म्हणून. 'वन्सं' म्हणाल्या की समजायचं, काहीतरी खुपतंय.

मी आप्पांच्या समोर जाऊन वाकले. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"कुठं जायचंय?"

"कुठं नाही आप्पा. आत्ताच आले."

"मग फलाटावर गर्दी करू नका. जत, विजापूर लागतीय."

आप्पा एस.टी.त होते. सांगलीच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत त्यांनी उभी हयात काढली. बाकीचं बरंच विसरले तरी गाड्या विसरले नव्हते. घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, कुठं जायचंय. दादा सांगायचा ऑफिसला. वहिनी रोज नवं गाव सांगायच्या, कधी औदुंबर, कधी गोंदवलं, आणि आप्पा त्यांना गाडीची वेळ सांगायचे. मी मात्र दर वेळी कुठं नाही म्हणायचे.

ही सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पुण्यात एका सरकारी प्रयोगशाळेत स्फटिकांच्या रचनेवर काम करते, तेव्हाही करत होते. त्या मे महिन्यात तीन आठवडे हाम्बुर्गला जाऊन आले होते. तिथल्या मोठ्या क्ष-किरण यंत्रावर आमच्या गटाला वर्षातून एकदा वेळ मिळतो. परत येऊन आठवडाही झाला नसेल, तर दादाचा फोन आला. माझ्या मोबाइलचं बिल आलंय आणि ते पावणेदोन लाखांचं आहे. घरातले चारही नंबर दादाच्या नावावर होते. त्याच्या पाटबंधारे खात्यातल्या लोकांना कंपनीने कसलीतरी सवलत दिली होती आणि दादाने आयुष्यात सवलत सोडलेली नाही.

"शनिवारी ये," तो म्हणाला होता. "तू समोर असलीस की त्यांची बोलती बंद होईल."

दादा फोन ठेवून बाहेर आला. बनियनवर, कानाला फोनचा लाल वळ उठलेला.

"तू निघताना परदेशातलं पॅक घेतलं होतंस ना?"

"घेतलं होतं."

"झालं तर मग. पॅक घेतल्यावर वरचा वापर झालाच कसा?"

"पॅकला मर्यादा असते, दादा. ती संपली की पुढचं सगळं त्यांच्या दराने."

"मर्यादा असते तर मर्यादेवर थांबवायचं. कालव्याला आपण दारं कशाला बसवतो? शेतकऱ्याचं शेत बुडवून मग म्हणायचं का, की तुमचं पाणी संपलं होतं, हे जास्तीचं आहे, ह्याचे पैसे द्या?"

"अहो, चहा घ्या आधी," वहिनी म्हणाल्या.

"मिक्सरवाल्यानंही असंच केलं होतं. म्हणाला, तुम्हीच जास्त वेळ फिरवला. आणला की नाही त्याला ग्राहक मंचात?"

"आणलात. दीड वर्ष मी पाट्यावर वाटत होते."

दादा हसला. मीही हसले. वहिनींनी माझ्यापुढे भडंगाची वाटी ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "शुभदाचा फोन आला होता. सोमवारी नक्की काय ते कळव म्हणाली."

शुभदा त्यांची कॉलेजातली मैत्रीण. विश्रामबागेत बालवाडी काढत होती, जूनपासून. वहिनींनी मुख्य बाई म्हणून यावं असं तिचं म्हणणं होतं. वहिनींनी पूर्वी अकरा वर्षं लहान मुलांच्या शाळेत शिकवलं होतं. मग एके दिवशी आप्पा घरातून निघून स्टँडवर गेले आणि कंट्रोलरच्या खिडकीपुढे उभे राहून आतल्या माणसाला उठ म्हणू लागले. त्यानंतर त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. वहिनींनी शाळा सोडली. मी तेव्हा म्हणाले होते, थोडे दिवस तुम्ही बघा, मग आपण ठरवू. मग माझा प्रकल्प आला, मग बढती आली. एप्रिलमध्ये वहिनींनी शुभदाचं सांगितलं तेव्हा मी म्हणाले, जर्मनीहून आले की ठरवू.

"बोलू ना," मी म्हणाले. "आधी हे बिलाचं मिटू दे."

वहिनी आप्पांच्या कपातला चहा बशीत ओतून त्यावर फुंकर घालत राहिल्या. समोर कपाटावर कॅमेरा होता. तो मीच एप्रिलमध्ये आणून बसवला होता. दोघं कधी बाहेर गेलात तर फोनवरून आप्पांवर लक्ष ठेवता येईल, असं मी सांगितलं होतं. दादाने तो शेजारपाजारच्या सगळ्यांना दाखवला होता. भिंगाखाली मोहरीएवढा हिरवा दिवा लागलेला होता.

मोबाइल कंपनीचं ऑफिस मिरज रस्त्यावर होतं. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशाला पेन लावलं. काउंटरवरच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि आपल्यापुढच्या कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला.

"सर, हे बघा. रोज साधारण एकाच वेळेला सुरू झालंय. तिथल्या दुपारी. आणि बंद न होता सलग चाललंय. असा वापर व्हिडिओचा असतो."

"व्हिडिओचा?" दादाने माझ्याकडे बोट केलं. "मॅडम, ही माझी धाकटी बहीण. शास्त्रज्ञ आहे. हिच्या घरी टीव्ही नाही. लहानपणी आम्हाला सर्कशीला नेलं, तर सगळी पोरं टाळ्या वाजवतायत आणि ही आप्पांना विचारतेय, हत्तीच्या पायाचा घेर किती असेल. ही परदेशात जाऊन सिनेमे बघत बसेल?"

मुलगी हसली नाही. तिने मला विचारलं, "मॅडम, एखादं ॲप चालू राहिलं होतं का? पुष्कळांचं असं होतं. आपल्याला वाटतं वायफाय आहे, आणि फोन आपला आपण मोबाइल नेटवर्कवर गेलेला असतो."

"आठवत नाही," मी म्हणाले.

"ऐकलंत?" दादा म्हणाला. "तिला आठवत नाही म्हणजे झालेलंच नाही. हिची स्मरणशक्ती तुमच्या कॉम्प्युटरपेक्षा चांगली आहे."

मला सगळं आठवत होतं. यंत्राच्या त्या प्रचंड हॉलच्या कडेला आमची पत्र्याची खोली होती. एक नमुना लावला की तो मोजून होईपर्यंत करण्यासारखं काही नसे, फक्त थांबायचं. तिथे साडेबारा वाजत तेव्हा सांगलीत चार वाजलेले असत, चहाची वेळ. मी टेबलावर फोन टेकवून उभा करायची आणि कॅमेऱ्याचं ॲप उघडायची. पहिल्या दिवशी गेस्ट हाउसमध्ये ते वायफायवर चाललं होतं. हॉलमधल्या वायफायवर त्यांनी असलं सगळं बंद ठेवलेलं होतं. तरीही ॲप उघडलं, चित्र आलं, म्हणजे वायफाय चालतंय, असं मी धरून चालले. किरण सोडण्याआधी मी प्रत्येक दार, प्रत्येक कळ स्वतः तपासते. फोनच्या कोपऱ्यातली एवढीशी खूण मी तीन आठवड्यांत एकदाही पाहिली नाही. कंपनीचे इशाऱ्याचे संदेश आले असतील तर तेही जाहिरातींबरोबर गेले.

परतताना गाडीत दादा खुशीत होता.

"पाटणे वकिलांकडून प्रतिज्ञापत्र करून घेतो उद्या. तू फक्त सही कर. बाकी मी बघतो."

"दादा, आपण भरून टाकू या का? मी भरते."

"वेडी आहेस का? न वापरलेल्याचे पैसे भरायचे?" सिग्नलला गाडी थांबली तसा तो माझ्याकडे वळला. "तुझं हे असंच आहे, सुनी. पाचवीत त्या परांजपेच्या मुलीने तुझी कंपासपेटी घेतली, तर तू म्हणालीस असू दे. मीच गेलो होतो त्यांच्या घरी. तुला कोणी फसवलं की तू गप्प बसतेस."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. परांजपेच्या मुलीने पेटी घेतलीच नव्हती. ती मी शाळेत विसरले होते, आणि दादा भांडून आल्यावर मला ते सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, जेवण झाल्यावर दादा पाटणे वकिलांकडे गेला. ऊन मी म्हणत होतं. वहिनींनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, आप्पांना पंख्याखाली बसवलं आणि ताटातल्या वाळवणाचे उरलेले तुकडे निवडत बसल्या. मी वर्तमानपत्र घेतलं होतं, वाचत नव्हते. चारला चहा झाला. आप्पांनी तोंड पुसलं, रुमालाची चौकोनी घडी घातली, ती पुन्हा उलगडून पुन्हा घातली. हाम्बुर्गला मी हे रोज पाहिलं होतं. ह्यानंतर ते विट्याची गाडी पुकारणार हेही मला माहीत होतं.

"विटा, भिवघाट, आटपाडी," आप्पा म्हणाले. "फलाट दोन."

"तुला पाठ झालं असेल," वहिनी म्हणाल्या.

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"फोन काढ," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"काढ तर. ते कॅमेऱ्याचं लाव."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. शाळेत पाटी काढा म्हणताना असेल तसा होता. मी ॲप उघडलं. पडद्यावर एक चक्र गोल फिरलं आणि आम्ही बसलो होतो तीच खोली आली. माझी पाठ, वहिनींचा खांदा, ताट. आप्पांचा एक कान आणि अर्धं डोकं.

"आता वर बघ."

कपाटावरचा हिरवा दिवा निळा झाला होता.

वहिनी उठल्या. त्यांनी खुर्चीच्या पाठीला दोन्ही हात लावले, "आप्पा, जरा हं," म्हणाल्या, आणि खुर्ची वळवली. फरशीवर खरखर झाली. पुढचा पाय त्या पांढऱ्या कंसावरून बरोबर गेला आणि त्याच्या टोकाला थांबला. माझ्या हातातल्या पडद्यावर आप्पांचा चेहरा आला. दोन्ही डोळे, हनुवटीवरचा तीळ, चहाने ओले ओठ.

"असे दिसत होते ना?"

"हो," मी म्हणाले.

"मला वाटलंच. खिडकीकडे तोंड असलं की तुला नुसता कान दिसला असता. एवढ्या लांबून बघतेय तर नीट दिसू देत म्हटलं."

इतके दिवस मी समजत होते की आप्पांची बसायची जागाच तशी आहे, कॅमेऱ्याच्या समोर. त्या हॉलमधल्या माझ्याबरोबरच्या मुलीला मी एकदा म्हणालेही होते, बघ, माझे वडील कसे माझ्याकडेच बघतात.

"तुम्हाला दिव्याचं कसं कळलं?"

"ह्यांनी एकदा ऑफिसातून बघितलं होतं. फोनवर म्हणाले, तू आता मेथी निवडतेयस. मी वर पाहिलं तर निळा. मग तू गेलीस आणि दुसऱ्या दिवशी चारला निळा झाला. ह्यांना फोन केला, तर हे धरणावर, तिथे रेंजसुद्धा नाही." त्या पुन्हा ताटाशी बसल्या. "तेव्हा म्हटलं, वन्सं आल्या."

"तुम्ही दादाला काही बोलला नाहीत."

"काय बोलू? तुमची बहीण माझ्यावर पहारा ठेवतेय?"

आप्पा आता कॅमेऱ्याकडे तोंड करून शांत बसले होते. मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"तसं नव्हतं, वहिनी."

"मग कसं होतं?"

त्याच पुढे म्हणाल्या, "पाडव्याला तू आली होतीस. आप्पांच्या मनगटावर काळंनिळं झालं होतं. तू विचारलंस, मी म्हणाले नळाची तोटी लागली. तू बराच वेळ मनगट हातात धरून बसलीस. मग माझ्या हातांकडे बघितलंस. बांगड्यांकडे. आणि पुढच्या खेपेला कॅमेरा घेऊन आलीस."

हे खरं होतं. मी तो डाग पाहिला, त्याच्या कडेचा पिवळेपणा पाहिला, तो चार-पाच दिवसांपूर्वीचा असणार हे मनात नोंदवलं. आप्पांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. तिच्या पट्ट्या पुण्याहून मीच आणत असे. ती गोळी घेणाऱ्याला नुसतं दंड धरून उठवलं तरी डाग पडतो, हे मला ठाऊक होतं. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने एका खुणेवरून असा निष्कर्ष काढून आणला असता, तर मी त्याला विचारलं असतं, दुसरं कारण काय काय असू शकतं ते तपासलंस का. स्वतःला मी ते विचारलं नाही.

"गोळीमुळे होतं तसं," मी म्हणाले. "मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलंय." वहिनींनी ताटातला खडा उचलून बाजूला ठेवला. "मला राग त्याचा नाही आला. बापाच्या काळजीने कोणी संशय घेतला तर घेऊ दे. मला एवढंच वाटलं, की माझ्यात काही खोट सापडावी अशी तुझी इच्छा आहे. ती सापडली असती तर तुझं सोपं झालं असतं. मग तुला काही ठरवावं लागलं नसतं. मला दोष दिला की झालं."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. आप्पांनी मान वळवली आणि परत आणली.

"पहिले काही दिवस मी तुम्हाला बघत होते," मी म्हणाले. "ते खरंय. तुम्ही कसं उठवता, कसं बोलता. नंतर तुमच्याकडे बघत नव्हते. नुसतं आप्पांना बघत होते. रुमालाची घडी घालतात ती. नमुना मोजून झालेला असायचा, मुलं मला हाका मारायची, आणि मला ते बंद करवत नव्हतं."

"मधे एकदा तीन दिवस आली नाहीस."

"यंत्र बंद होतं. आम्हाला सुट्टी दिली होती."

"आप्पांना चैन पडेना. चार वाजले की कपाटाकडे बघायचे. त्यांना काही कळत नाही, मला माहितेय. खुर्ची रोज वळते म्हणून बघत असतील. पण बघायचे."

मला एक दुपार आठवली. आप्पांनी चहाचा कप भिंतीवर फेकला होता. वहिनी तुकडे गोळा करून उठल्या, त्यांच्यासमोर क्षणभर उभ्या राहिल्या आणि चित्राबाहेर निघून गेल्या. त्यानंतर कितीतरी वेळ खोलीत फक्त आप्पा होते. मी फोनला नाक लावून बसले होते. माझा नमुना वाया गेला. त्या संध्याकाळी मी मनात म्हणाले होते, एकटं सोडून गेल्या. आत्ताही मी ते त्यांना विचारलं नाही, पण माझ्या तोंडावर काहीतरी आलं असावं.

"कप फोडला त्या दिवशी," वहिनी म्हणाल्या, "मी न्हाणीघरात जाऊन बसले होते. नळ सोडून. तिथं तेवढा कॅमेरा नव्हता ना."

मी उठून त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. ताटातला एक तुकडा उचलला आणि तो कशाचा आहे हे न कळून परत ठेवला.

"बिल मी भरते," मी म्हणाले. "दादाला सांगते. आणि वहिनी, आप्पांना..."

"थांब." त्यांनी हात वर केला. "आत्ता काही बोलू नकोस. तुझ्या तोंडावर काय आहे ते मला दिसतंय. चुकीचं वागले, म्हणून आता आप्पांना नेते. तसं नको. ते काही दंड नाहीत, भरून मोकळं व्हायला. दोन महिन्यांत तुला जड होतील आणि तू मला फोन करशील. तेव्हा मी शाळा सोडून परत यायची का?"

"नाही."

"आणि दिवसभर तू प्रयोगशाळेत. त्यांना बघणार कोण? कॅमेरा?"

हा प्रश्न मी विमानात स्वतःला विचारला होता आणि त्याचं उत्तरही मला माहीत होतं. पुढच्या वर्षी यंत्रावर मी जायचं नाही, माझ्या हाताखालच्या मुलीने जायचं. दिवसा बाई ठेवायची. संध्याकाळी मी सहाला घरी यायचं. ह्यातलं अशक्य असं काहीच नव्हतं. ते दोन वर्षांपूर्वी, वहिनींनी शाळा सोडली तेव्हाही अशक्य नव्हतं.

फाटक वाजलं. दादा घामाघूम होऊन आत आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद.

"आप्पा इकडे तोंड करून का बसलेत?" तो म्हणाला. उत्तराची वाट न बघता त्याने खिशाचं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "झकास लिहिलंय पाटण्यांनी. सदर कालावधीत उक्त डेटाचा वापर मी केलेला नाही, अजाणताही केलेला नाही. हे अजाणता मी घालायला लावलं. इथं सही कर, आणि प्रत्येक पानावर छोटी."

मी कागद घेतले. पहिल्या पानावर माझं नाव होतं, वय होतं, धंदा शास्त्रज्ञ असं होतं. ते कागद मी घडी करून त्याच्या पिशवीत परत ठेवले.

"दादा, तक्रार मागे घे. तो डेटा मीच वापरला."

"म्हणजे?"

"रोज दुपारी कॅमेरा बघत होते. घरातला. तास तास. वायफाय नव्हतं ते मला कळलं नाही. काल त्या मुलीने विचारलं तेव्हा मला आठवत होतं."

दादा पेन हातात धरून उभा राहिला. त्याने कपाटावर बघितलं, मग माझ्याकडे.

"मी तिथे सर्कशीचं सांगत होतो," तो हळू म्हणाला. "तू शेजारी उभी होतीस."

"हो."

"आणि काय बघत होतीस रोज तास तास? कशासाठी?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी वहिनी म्हणाल्या, "कशासाठी काय. बाप आहे तिचा. आठवण येत असेल."

त्या ताटाकडेच बघत होत्या. दादाने बायकोकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग खाली बसला आणि शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. त्या मला वाचवत होत्या, आणि मी त्यांना ते करू दिलं. त्याबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

"फोन करायचास की मग," दादा म्हणाला. "आठवण आली तर माणूस फोन करतो. पावणेदोन लाखांत तुला आप्पांशी वर्षभर बोलता आलं असतं."

"बोलता आलं असतं," मी म्हणाले.

मांडीवरचा फोन तसाच चालू होता. मी तो उचलून ॲप बंद केलं. कपाटावरचा दिवा हिरवा झाला. मग मी उठले, खुर्चीच्या पाठीला हात लावले आणि आप्पांना म्हणाले, "जरा हं." खुर्ची वाटली होती त्यापेक्षा जड होती. ती मी कॅमेऱ्याकडून वळवली, पण खिडकीकडे नेली नाही. मधेच, आम्ही बसलो होतो तिकडे तोंड करून थांबवली, आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. एवढ्या जवळून त्यांच्या डोळ्यांतली मोतीबिंदूची साय दिसत होती. पडद्यावर ती कधी दिसली नव्हती.

आप्पांनी मला नीट न्याहाळलं.

"कुठं जायचंय?"

वहिनींचे हात ताटात थांबले.

"पुण्याला, आप्पा."

"किती जण?"

"दोघं," मी म्हणाले. "तुम्ही आणि मी. राहायलाच."